कवितेचा मराठीत अनुवाद कसा करायचा : माझी कामाची पद्धत

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं की कवितेचा अनुवाद करायचाय, सुरुवात कुठून करू. बहुतेकांकडे एक कविता असतेच, हिंदीतली नाहीतर इंग्रजीतली, जी डोक्यातून जात नाही आणि मराठीत आणून कुणालातरी वाचून दाखवावीशी वाटते. मी स्वतः कविता लिहिते आणि गेली अठरा वर्षं हिंदी-उर्दूतून आणि थोडंफार बंगालीतून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. ही माझी पद्धत आहे, दुसऱ्या अनुवादकाची वेगळी असू शकते, पण हिच्यातलं सगळं मी करून बघितलेलं आहे.

आधी कविता निवडण्याबद्दल. जी कविता तुम्हाला फार आवडते ती अनुवादाला चांगली असेलच असं नाही. काही कवितांचं सगळं बळ एका शब्दखेळात असतं, तो खेळ दुसऱ्या भाषेत होतच नाही, अशी कविता सुरुवातीला घेऊ नका. आणि एकच कविता घेऊन बसू नका, त्या कवीच्या निदान वीस-पंचवीस कविता वाचा, कारण एखादा शब्द तो कवी परत परत वापरत असतो आणि त्याला त्याच्याकडे स्वतःचा एक अर्थ आलेला असतो, जो एका कवितेत कळत नाही. मी एका कवीच्या कवितेत 'धूल'चं सरळ 'धूळ' केलं होतं, नंतर त्याचा अख्खा संग्रह वाचल्यावर कळलं की तो 'धूल' म्हणतो तेव्हा कायम गावाबद्दल बोलतोय, 'माती' जास्त बरोबर होतं. तोपर्यंत छापून झालं होतं.

मग मूळ नक्की कुठलं हे बघा. हे ऐकायला सोपं वाटतं पण इथे खूप जण चुकतात. टागोरांची गीतांजली घ्या. बंगाली गीतांजली 1910 ची, तिच्यात 157 गीतं. इंग्रजी गीतांजली 1912 ची, तिच्यात 103, आणि त्यातली निम्म्याच्या आसपासच बंगाली गीतांजलीतली आहेत, बाकीची त्यांच्या दुसऱ्या संग्रहांमधून घेतलेली. शिवाय इंग्रजी त्यांनी स्वतःच गद्यात केलं, म्हणजे बंगालीतलं गाणं, यमक, लय हे सगळं त्यात गेलेलं आहे. आता इंग्रजीवरून मराठीत आणलंत तर तुम्ही एका वेगळ्याच पुस्तकाचा अनुवाद करताय, ते करायला हरकत नाही पण वाचकाला तसं सांगा. माधव ज्यूलियनांनी हे फार स्वच्छपणे केलं, उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार-चार ओळींच्या कविता, त्यांनी थेट फारसीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झेराल्डने केलेल्या इंग्रजी अनुवादावरूनही वेगळ्या आणल्या, दोन्ही स्वतंत्र पुस्तकं. माणूस फारसीचा प्राध्यापक, फारसी-मराठी कोश तयार केलेला, तरी त्यांना इंग्रजीवरून केलेलं कमी प्रतीचं वाटलं नाही, फक्त दोन्हीची सरमिसळ केली नाही. मूळ भाषा तुम्हाला येत नसेल तर ती भाषा येणारा एक माणूस शोधा जो तुमच्यासमोर बसून मूळ कविता मोठ्याने वाचेल. अर्थ नाही सांगितला तरी चालेल, अर्थ इंग्रजीतून मिळेल, पण आवाज त्या भाषेतूनच मिळतो.

आणि आवाज हीच माझ्यासाठी मुख्य गोष्ट आहे. अनुवाद कोशातून होत नाही, कानातून होतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता कामं करता करता तोंडात तयार झाल्या, मुलाने आणि जवळच्यांनी लिहून घेतल्या म्हणून राहिल्या, त्या गेल्यानंतर 1952 मध्ये पुस्तक निघालं. त्या कविता कागदावर नुसत्या डोळ्यांनी वाचल्या तर अर्ध्याच कळतात. आपल्याकडची ओवी जात्यावर, अभंग टाळावर, म्हणजे आपली कविता मुळात तोंडी आहे आणि मराठी वाचक आजही ओळ मनातल्या मनात म्हणूनच बघतो. म्हणून मी अनुवादाला हात लावायच्या आधी मूळ कविता तीन-चार दिवस रोज मोठ्याने वाचते, फोनवर रेकॉर्ड करून ऐकते, आणि एकदा तरी हाताने उतरवून काढते. उतरवताना लक्षात येतं की कवीने कुठे ओळ तोडलीय, कुठे श्वास घेतलाय, कुठे मुद्दाम अडखळायला लावलंय. एखादी ओळ लांब आणि पुढची दोनच शब्दांची असेल तर ते तसं का आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर कच्चा ड्राफ्ट. हा अगदी शब्दाला शब्द करा, वाईट होऊ द्या, तो कुणाला दाखवायचा नाहीये. मी वहीचं पान उभं दुमडून डावीकडे मूळ आणि उजवीकडे कच्चं मराठी लिहिते, आणि जिथे अडले तिथे एकाच शब्दाला चार-पाच पर्याय एकाखाली एक. इथे कोश लागतात. मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती ऑनलाइन आहे, जुनाट वाटेल पण त्यात बोलीतले असे शब्द सापडतात जे नंतरच्या कोशांनी गाळले. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश तर हवाच, बृहद्कोशच्या साईटवर बरेच कोश एकत्र शोधता येतात. उर्दूसाठी प्लॅट्सचा उर्दू-इंग्रजी कोश आणि रेख्ताची साईट. पण कोशात सगळं नसतं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह 1972 मध्ये आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द खुद्द मराठी लेखकांना माहीत नव्हते, ते मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या, तिथल्या वेश्यावस्तीतल्या बोलण्यातले होते. अशा वेळी माणसांना विचारावं लागतं, आणि विचारायला लाजायचं नाही. मशीनने केलेला अनुवाद मी कधीतरी अर्थाची खात्री करायला बघते, पण त्याची सवय लावून घेऊ नका असं कळकळीने सांगते, कारण त्याचं तयार वाक्य एकदा डोळ्यासमोर आलं की डोक्यातून जात नाही आणि मग तुमचं स्वतःचं वाक्य सुचायचं थांबतं.

हिंदीतून करणाऱ्यांसाठी खास : सारखे दिसणारे शब्द सगळ्यात जास्त फसवतात. शिक्षा, चेष्टा, राग, खाली हे सगळ्यांना माहीत असतात. पण 'संसार' बघा. हिंदीत संसार म्हणजे जग, मराठीत संसार म्हटलं की नवरा-बायको, घर, भांडीकुंडी. 'प्रकृति' तिकडे निसर्ग, इकडे तब्येत. 'अभ्यास' तिकडे सराव. मी सुरुवातीच्या काळात एका कवितेत संसारचा संसारच ठेवला होता आणि दिवाळी अंकात ती कविता आल्यावर एका वाचकांनी पत्र लिहून विचारलं की ही कविता वैवाहिक आयुष्यावर आहे ना. अख्खी कविता जगातल्या युद्धांवर होती. त्या पत्राने मला फार शिकवलं. तेव्हापासून हिंदीतला तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द दिसला की मी आधी थांबते.

बोलतंय कोण

आता सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा भाग. मराठीचं व्याकरण तुम्हाला असे प्रश्न विचारतं जे मूळ कवीला कुणी विचारलेच नव्हते. इंग्रजी कवितेतला 'मी' बाई आहे की पुरुष हे ठरवावं लागत नाही, मराठीत 'मी चालतो' की 'मी चालते' हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. बंगालीत तर तो आणि ती ला एकच सर्वनाम, क्रियापदही बदलत नाही, त्यामुळे अख्खी प्रेमकविता माणसाबद्दल आहे की देवाबद्दल, बाईबद्दल की पुरुषाबद्दल हे उघडं ठेवता येतं. मराठीत ते दार बंद होतं.

पण पूर्ण बंद होत नाही, थोडं शोधलं तर फटी आहेत. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं तर ते कर्माप्रमाणे चालतं, 'मी वाट पाहिली', 'मी दार उघडलं', इथे बोलणारी व्यक्ती कोण ते कळत नाही. भविष्यकाळात 'मी येईन', 'मी सांगेन' मध्येही कळत नाही. 'मला आठवतं', 'माझ्याच्याने होत नाही', 'मला निघायचंय' हे पण तसंच. म्हणजे कवितेने जर बोलणाऱ्याला झाकून ठेवलंय तर तुम्हीही अशी क्रियापदं निवडत निवडत झाकून ठेवू शकता, फक्त एक 'गेलो' किंवा 'बसले' मध्ये घुसलं की संपलं. मी एका चौदा ओळींच्या कवितेत हे करायला दीड महिना घालवलाय, आणि झालं तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

मग तू की तुम्ही. देवाला तू, आईला तू, वडिलांना कवीच्या घरात काय म्हणत असतील हे तुम्हाला ठरवायचंय. आणि आपण की आम्ही! इंग्रजीत एकच, हिंदीत 'हम' एकच, पण मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर आणि 'आपण' म्हटलं की समोरचा आत. मोर्चाच्या, बंडाच्या, सामूहिक दुःखाच्या कवितांमध्ये या एका शब्दावर सगळी कविता फिरते, कारण कवी वाचकाला आपल्यात घेतोय की वाचकावर बोट रोखतोय हे त्यात ठरतं. माझा अनुभव असा की बऱ्याच कविता मध्यावर आम्हीवरून आपणवर सरकतात, मूळ भाषेत ते दिसत नाही पण आशय वाचला की जाणवतं, आणि तिथे मराठीत तुम्हाला मूळ भाषेत नसलेली एक चांगली गोष्ट करायची संधी मिळते. ती घ्यावी की नाही यावर अनुवादकांमध्ये मतभेद आहेत. मी घेते.

निर्जीव गोष्टींचं लिंग हा आणखी एक प्रकार. फ्रेंचमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये पुल्लिंगी, हिंदीत 'मौत' स्त्रीलिंगी, आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी आणि मरण नपुंसकलिंगी. चंद्र आपला तो, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये ती. हिंदीत 'आत्मा' आणि 'देह' दोन्ही स्त्रीलिंगी, मराठीत दोन्ही पुल्लिंगी. कवीने मौतला बाई म्हणून उभी केली असेल, दारात येऊन बसलेली, तर मराठीत काय करायचं?

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. या ओळी मीच शिकवण्यासाठी बनवल्यात, कुठल्या कवीच्या नाहीत :

शाम ने आवाज़ दी तो रूह पलट कर आई
देर तक दरवाज़े पर खड़ी रही, अंदर नहीं गई

शब्दाला शब्द : संध्याकाळने आवाज दिला तर आत्मा वळून आला, बराच वेळ दरवाजावर उभा राहिला, आत गेला नाही.

बघा, अर्थ सगळा आला आणि कविता पूर्ण मेली. का मेली ते एकेक बघू. 'आवाज दिला' हे मराठी नाही, आपण हाक मारतो. 'तर' पण हिंदीचं आहे, इथे मराठीत 'तसा' येतं, हाक मारली तसा वळला. 'आत्मा' हा शब्द मराठीत प्रवचनातला, तो दारात उभा राहू शकत नाही, त्याला पायच नाहीत. आणि मूळात रूह बाईसारखी येते, लांबून परत आलेली, संकोचलेली, ते 'उभा राहिला'ने गेलं.

आत्म्याऐवजी 'जीव' घेऊन बघू. जीव पण पुल्लिंगीच, पण तो रोजच्या बोलण्यातला आहे, जीव लागतो, जीव वर-खाली होतो, जीव घुटमळतो, मराठीत जीवाला शरीर आहे. 'दरवाजावर'च्या जागी 'उंबऱ्याशी', कारण मराठीत माणूस थबकतो तो उंबऱ्याशी. आणि आता बाईचं काय? मी बराच काळ 'माहेरी आलेल्या लेकीसारखा' वगैरे घालून बघितलं, ते वाईट होतं, मूळात नसलेली उपमा आणि वर जास्तीचं रडगाणं. मग लक्षात आलं की 'सांज' आपल्याकडे स्त्रीलिंगी आहे आणि हाक तीच मारतेय. म्हणजे मूळातलं बाईपण रूहकडे होतं, मराठीत ते सांजेकडे सरकलं, आता दारातून कुणीतरी बाई हाक मारतेय आणि जीव परत येतोय :

सांजेनं हाक मारली तसा जीव माघारी फिरला
उंबऱ्याशी थांबून राहिला कितीतरी वेळ, आत काही गेला नाही

'आत काही गेला नाही' मधला 'काही' मूळात नाही. पण तो काढून म्हणून बघा, वाक्य कोरडं पडतं. असे छोटे शब्द, काही, च, ना, गं, रे, हे मराठीचे श्वास आहेत, कविता मराठी वाटते ती यांच्यामुळे. जास्त झाले तर मात्र कविता लाडिक होते, विशेषतः गं आणि रे. दर ओळीला विचारा की हा शब्द काढला तर काय बिघडतं. तीच गोष्ट चिंब, गच्च, लख्ख, झुळझुळ अशा शब्दांची, मराठीत हे भरपूर आहेत आणि दुसऱ्या भाषेतल्या साध्या 'ओल्या'ला आपण लगेच 'ओलंचिंब' करतो. कवीने साधं ओलं म्हटलंय तर ओलंच म्हणा.

छंद पाळायचा का

यावर भांडणं होतात. माझं म्हणणं, आधी बघा की त्या कवितेत छंद काय काम करतोय. मोठा अभंग असतो चार चरणांचा, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तो चौथा आखूड चरण म्हणजे एकदम पायरी उतरल्यासारखं होतं, तुकोबांचा टोला बरेचदा तिथेच बसतो. दिलीप चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला तेव्हा बहुतेक ठिकाणी अक्षरगणना आणि यमक सोडून दिलं, पण बोलणाऱ्या माणसाचा रोखठोकपणा आणि तो टोला धरला. कित्येक वर्षं ते काम चाललं, 1991 मध्ये पुस्तक आलं, आणि 1994 मध्ये साहित्य अकादमीने त्यांना स्वतःच्या मराठी कवितेसाठी आणि या अनुवादासाठी असे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी दिले. कवी आणि अनुवादक एकाच माणसात किती घट्ट असू शकतात ते यात दिसतं.

छंद शिकायचा असेल तर मेघदूत घ्या. मूळ मंदाक्रांता वृत्तात, ओळीला 17 अक्षरं, चार, सहा, सात असे थांबे. मराठीत ते चिं. द्वा. देशमुखांनी आणलंय, कुसुमाग्रजांनी आणलंय, बोरकरांनी आणलंय, शांताबाई शेळक्यांनी आणलंय. यातले जमतील तेवढे जमवा, एकच श्लोक सगळ्यांमध्ये शोधून समोरासमोर ठेवा आणि मोठ्याने वाचा. कुणी काय वाचवलं, कुणी काय सोडलं हे एका दुपारी जेवढं कळतं तेवढं कुठल्या वर्कशॉपमध्ये कळणार नाही, मी हे खात्रीने सांगते.

गझल असेल तर काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तसाच परत येणारा शब्द) सोडू नका, सोडलं तर गझल उरत नाही, नुसत्या दोन-दोन ओळी उरतात. उर्दू आणि मराठी दोन्हीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे रदीफ मराठीत बसवणं इंग्रजीपेक्षा खूप सोपं जातं, आणि सुरेश भटांमुळे मराठी कानाला गझलेची सवय झालेली आहे. हायकूचं उलट, जपानीत 5-7-5 मोजतात ते आपल्या अक्षरांसारखं नाही, मात्रेसारखं एकक आहे, त्यामुळे मराठीत 17 अक्षरं मोजत बसण्यापेक्षा तीन ओळी आणि तो एक झटका पकडा. शांताबाईंनी जपानी हायकू मराठीत आणले त्या पुस्तकाचं नाव 'पाण्यावरच्या पाकळ्या', मिळालं तर वाचा. मुक्तछंदाला मात्र सोपं समजू नका, तिथे लय असतेच, ती फक्त मोजता येत नाही.

दुसरा ड्राफ्ट मूळ कविता बंद करून लिहा. वही मिटायची, फक्त आठवणीतून मराठी कविता लिहायची. यात जे आपसूक आठवतं तो कवितेचा कणा, जे विसरलात ते कदाचित सजावट होती. नंतर मूळ उघडून ओळीला ओळ तपासायचं, एखादी ओळ सुटली असेल तर परत घ्यायची, आपण काही जास्तीचं घुसवलं असेल तर काढायचं. मग तीन आठवडे ठेवून द्या. मग अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला मूळ भाषा येत नाही, आणि तो कुठे भुवया वर करतो ते बघा. मी माझ्या मावशीला फोनवर वाचून दाखवते, ती शाळेत मराठी शिकवायची, तिने 'परत म्हण' असं म्हटलं की मी ती ओळ खूण करून ठेवते, कारण नव्वद टक्के वेळा तिथे गडबड असते.

परवानगी, नाव, पैसे

भारतात कॉपीराइट लेखक गेल्यानंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि अनुवादाचा हक्क त्यात येतो. म्हणजे मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांच्या कविता 2017 पासून मोकळ्या. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, 2059 संपेपर्यंत परवानगी लागणार. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात, बहिणाबाईंचं तसं. आधी ही मुदत 50 वर्षं होती, टागोर 1941 मध्ये गेले, त्यांचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा ती वाढवून 60 केली गेली. घरी वहीत अनुवाद करायला तुम्हाला कुणी अडवत नाही, पण छापायचा किंवा ऑनलाइन टाकायचा तर आधी लिहून विचारा. पत्रात कुठल्या कविता, किती, कुठे छापणार, छापील की ऑनलाइन की दोन्ही, आणि नमुन्याला दोन अनुवाद एवढं द्या. हयात कवी असेल तर थेट त्यांनाच लिहा. माझा अनुभव आहे की कवी फार आनंदाने हो म्हणतात, आणि तुमच्या शंकांना उत्तरंही देतात, फक्त शंका एकत्र करून पाठवा, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक विचारू नका. तुम्ही मधल्या इंग्रजी अनुवादावरून करत असाल तर त्या अनुवादकाचाही हक्क असतो, त्यांनाही विचारायचं.

हाच नियम तुमच्या बाजूनेही लागतो. तुमचा अनुवाद ही तुमची कृती आहे. एका अंकाने मी अनुवाद केलेल्या सहा कविता छापल्या आणि खाली मूळ कवीचं नाव, माझं कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले जागा नव्हती. दोन शब्दांना जागा नव्हती! त्यानंतर मी पाठवतानाच मेलमध्ये स्पष्ट लिहिते की प्रत्येक कवितेखाली मूळ कवी, मूळ भाषा आणि अनुवादक अशी तीन गोष्टींची ओळ जाईल, आणि फाईलमध्ये ती ओळ प्रत्येक पानावर टाइप करूनच देते. पुस्तक असेल तर मुखपृष्ठावर नाव मागा. मागायला संकोच वाटतो मला माहितीये, तरी मागा, तुमच्यानंतरच्या माणसाला ते सोपं जाईल.

पैशांचं थोडक्यात. कवितेच्या अनुवादावर घर चालत नाही. साहित्य अकादमीचा अनुवादासाठी वेगळा पुरस्कार 1989 पासून आहे, पण तो काही दर महिन्याला मिळणारा पगार नाही. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात काम करायचे, शांताबाई कॉलेजात शिकवायच्या, चित्र्यांनी जाहिराती, पत्रकारिता, सिनेमा काय काय केलं. तेव्हा नोकरी सांभाळून रोज एक तास, सकाळचा जमला तर सकाळचा, आणि तो तास फक्त कवितेला. ज्या दिवशी स्वतःची कविता सुचत नाही त्या दिवशी अनुवाद करा, हात चालू राहतो. एकच काळजी घ्या, एका कवीत खूप दिवस राहिलं की त्याची चाल आपल्या कवितेत शिरते. मला हे दोनदा झालंय, तेव्हा मी काही महिने दुसऱ्या भाषेतला, पूर्ण वेगळ्या स्वभावाचा कवी घेतला.

आणि एक वेगळी वही ठेवा न जमलेल्या शब्दांची. शब्द, कुठल्या कवितेतला, काय काय करून बघितलं, तारीख. माझ्या वहीत वरच्या उदाहरणातला 'रूह' पण आहे. जीव केलंय, चालतंय, शिकवताना लोकांना पटतं. पण पुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे आणि दर वेळी ते पान उघडलं की मी एखादा नवीन शब्द त्याखाली लिहून बघते. गेल्या महिन्यात 'सय' लिहिला. स्त्रीलिंगी आहे, हळवा आहे, उंबऱ्याशी उभा राहू शकतो, पण सय म्हणजे आठवण, रूह नाही. खोडला नाहीये अजून.